पाऊल उमटलेली वीट

दशरथने लोखंडी ट्रंक पुन्हा उघडली. लुगडी, सतरंजी, दिवाळीचा कंदील, सगळं एकेक करून जमिनीवर आलं. तळाशी निळ्या पट्ट्यांची चादर तेवढी राहिली, नीट घडी घातलेली. चादरीतली वीट नव्हती.

“प्रभा, तू हलवलीस?”

“मी हातही लावला नाही,” रत्नप्रभा म्हणाली. गुरुवारची सांजवात करून ती नुकतीच उठली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली.

तेवढ्यात सासूबाई आल्या, रुक्मिणीबाई. हातात शिऱ्याचा द्रोण, कपाळभर कुंकू, आणि चेहऱ्यावर असा आनंद की गिरणी बंद पडल्यापासून तो या घरात कुणी पाहिला नव्हता.

“वीट शोधतंस?” त्या मुलाला म्हणाल्या. “ती मी देवळाक दिलंय. सकाळी.”

दशरथ ट्रंकेपाशी तसाच उकिडवा बसून राहिला.

“झिला, तू आज हाडतंय, उद्या हाडतंय करीत होतंस. सगळ्या घरांच्या विटा इल्यो, आमचीच नाय. मी म्हटलं, हाडून ठेवल्यान आणि सांगूक इसारलो. आणि काय वीट रे ती. चंद्राची कोर, आणि कोपऱ्यात कुत्र्याचा पाऊल. दत्ताच्या पायाशी कोण बसता सांग? सगळ्यांनी हात जोडल्यानी. भीमराज मिस्त्री म्हणालो, काकी, ही कडेक नको, ही मधी. पादुका जंय येतले थंयच बसवल्यान. वर सिमेंटचो कोबोसुद्धा घातल्यान.”

“म्हणजे पुरली,” दशरथ म्हणाला.

“पुरली कित्याक? बसवली.” रुक्मिणीबाईंनी द्रोण पुढे केला. “घे, परसाद घे.”

दिंडोशीच्या त्या वसाहतीत बहुतेक घरं गिरणगावातून उठून आलेली, मूळची कोकणातली. देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा प्रत्येकाला आपापल्या गावची देवी हवी होती. भांडता भांडता सगळे दत्तावर थांबले, कारण दत्त कुणाच्याच गावचा नव्हता. प्रत्येक घराने आपल्या नावाची एक वीट आणायची, ती पुजायची आणि जोत्यात बसवायची, हे मात्र न भांडता ठरलं.

आणि रुक्मिणीबाईंनी दिलेली वीट रोमची होती.

गिरणीनंतर दशरथ गोरेगावच्या एका स्टुडिओत प्लास्टरचे खांब आणि प्लास्टरचे बुरूज करत असे. तिथून तो एका कॉलेजच्या संग्रहालयात लागला. जुन्या मूर्ती, नाणी, खापरं यांचे साचे घ्यायचे आणि मुलांना हाताळायला प्रतिकृती करून द्यायच्या, हे काम. अजून कायम झाला नव्हता. संग्रहालय सांभाळणाऱ्या क्षमाबाई त्याच्यासाठी वर शब्द टाकत होत्या. प्रदर्शनासाठी परदेशातून उसन्या आलेल्या वस्तूंमध्ये ही वीट होती. आपल्या विटेसारखी लांबट नाही. चौकोनी, पातळ, पोळपाटाएवढी. कच्ची असतानाच तिच्यावर शिक्का दाबलेला, चंद्रकोरीच्या आकाराचा, आणि कोरीत अक्षरं. बाईंनी ती दशरथला वाचून दाखवली होती, आणि त्याने ती घरी येऊन रत्नप्रभेला सांगितली होती.

“जिच्या जमिनीतली माती, तिचं नाव वरच्या ओळीत. मालकीण होती म्हणे, बाई. आणि खाली बारीक अक्षरात, ज्याने वीट पाडली त्याचं. तो गुलाम होता. पण नाव आहे बघ त्याचं.”

“आणि हे पाऊल?”

“विटा वाळत घातल्या असतील उन्हात. कुणाचं तरी कुत्रं गेलं असेल वरून.”

त्या पावलाला रत्नप्रभेनेही नकळत हात जोडले होते.

संग्रहालयात रंगकाम चालू होतं, प्लास्टर कालवायला जागा नव्हती. क्षमाबाई म्हणाल्या होत्या, “घरी न्या दशरथ. कुठं लिहीत नाही, तुमच्या भरवशावर देते. शनिवारी दुपारी परत पाठवायची पेटी बंद होईल, त्याआधी हातात द्या.”

हे सगळं रुक्मिणीबाईंना सांगायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. त्या तेव्हा खाली, देवळाच्या जागेवर, गाणी म्हणत बसलेल्या असायच्या.

दशरथने आता सांगितलं. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून. रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतलं.

“रोमचो कुत्रो आमच्या दत्ताकडे कित्याक येतलो?” त्या म्हणाल्या, पण द्रोण त्यांनी खाली ठेवला.

रत्नप्रभा भिंतीला टेकली. संपाच्या वर्षी तिने नेम धरला होता: आंघोळ, पूजा आणि पोथीचा अध्याय होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. दूधवाला आला तरी बोटांनी सांगायची. आज सकाळी ती देव्हाऱ्यापुढे बसलेली असताना सासूबाई पदराखाली काहीतरी जड घेऊन दारातून गेल्या होत्या. तिने पाहिलं होतं. काय नेताय, असं ओठांपर्यंत आलं होतं, आणि तिने फूल उचलून देवाला वाहिलं होतं.

“आपण भाऊरावांना सांगू,” ती म्हणाली. भाऊराव देवळाच्या कमिटीचे प्रमुख.

“काय सांगू? कॉलेजातली वीट घरी आणली म्हणून?” दशरथ हसल्यासारखं करून म्हणाला. “उद्या अख्खी वसाहत म्हणेल, दशरथ संग्रहालयातून वस्तू उचलतो. आणि देवाच्या बैठकीतून कोण काढू देईल? तू देशील?”

रत्नप्रभा जमिनीवरची लुगडी गोळा करायला लागली.

शुक्रवारी दशरथ कामावर गेला नाही. गॅलरीत बसून त्याने प्लास्टर कालवलं. विटेचा साचा घेऊन झालेला होताच, शिक्का आणि पावलासकट. रत्नप्रभा दाराशी उभी राहून बघत होती. तिला वाटलं, हात रिकामे नकोत म्हणून करतोय. मग त्याने प्लास्टरमध्ये विटांची भुकटी आणि गेरू घातला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

“अहो, ही तुम्ही पेटीत ठेवणार?”

“चादरीत गुंडाळून देईन. वेळेवर दिली की बाई लगेच पेंढ्यात ठेवतील.”

“आणि तिकडे गेल्यावर?”

“तिकडे जाऊन पेटी उघडेपर्यंत महिने जातील.”

“उघडतील तर खरी.”

“तोवर मी असेन, नसेन,” तो म्हणाला, आणि साचा थोपटत राहिला, बुडबुडे निघावेत म्हणून.

 संप मोडला त्या वर्षी शेजारच्या चाळीतल्या एका माणसाने असंच काहीतरी सहज बोलून दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं होतं, ते शेवटी फोडावं लागलं होतं. ती आत गेली, पदर सारखा केला, आणि नवऱ्याला न विचारता खाली उतरली.

देवळाच्या जोत्यावर दुपारची सावली होती. भीमराज मिस्त्री भिंतीला ओळंबा लावत होता. पत्र्याच्या शेडमध्ये भाऊराव चहा पीत बसले होते, आणि शेजारच्या बिल्डिंगमधली कुंदा दोघी-तिघींना घेऊन पादुकांसाठी वस्त्र शिवत होती. शेडमध्ये दत्ताची मोठी तसबीर टांगलेली, तिला ताजा हार.

“या वहिनी,” भाऊराव म्हणाले. “रुक्मिणीकाकींनी मान मिळवला हां. मधली वीट तुमची.”

“तीच मागायला आलेय,” रत्नप्रभा म्हणाली.

तिला दोनदा सांगावं लागलं. 

“कायतरीच,” कुंदा म्हणाली. “देवाला दिलेलं कुणी परत मागतं? पोरीला दिलेली साडीपण आपण मागत नाही.”

“ती आमची नव्हती गं. ह्यांच्या कॉलेजातली आहे. परत द्यायचीय. नाही दिली तर ह्यांची नोकरी जाईल, आणि नावही जाईल.”

“मग आधी ठेवायची ना कुलपात.”

“कुंदा, गप,” भाऊराव म्हणाले. मग त्यांनी कपातला चहा फिरवला. “वहिनी, तुम्ही देवभक्त. तुम्हीच सांगा. पूजेला लागलेली वीट. हळदकुंकू झालं, गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी माथा टेकला. त्यावर पाऊल आहे. पाऊल कुणाचं, ते माहीत आहे तुम्हाला.”

“माहीत आहे. मीपण नमस्कार केलाय त्याला.” तिने श्वास घेतला. “पण भाऊराव, दुसऱ्याच्या परड्यातलं फूल तोडून देवाला वाहिलं तर पुण्य झाडाच्या मालकाला जातं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ही वीट देवाला पोचलीच नाही. उसनी आणलेली वस्तू आहे, रोमच्या कुणा बाईच्या जमिनीतल्या मातीची.”

“मग जाऊ दे ना पुण्य त्या रोमच्या बाईला,” कुंदा म्हणाली. “आपलं देऊळ तर उभं राहील.”

बायका हसल्या.  भीमराज ओळंबा खाली सोडून ऐकत उभा होता. तो म्हणाला, “भाऊराव, कोबा अजून पुरता धरला नाय. आज काढला तर निघेल. चार दिवसांनी मग छिन्नीच.”

“तुला कुणी विचारलं?” भाऊरावांनी कप ठेवला. “हे माझ्या हातातलं नाही. आमच्या घरात गावी गुरवकी होती. देवाची गोष्ट देवालाच विचारतात. कौल लावू.”

रुक्मिणीबाईंनाही बोलावून आणलं. भाऊरावांनी पाय धुतले, तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तसबिरीच्या काचेवर चिकटवल्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर वीट द्यायची, डावी पडली तर नाही. मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा महाराजा, ह्या घरान दिलेली वीट चुकून दिली गेली म्हणतत...”

“व्हय महाराजा,” सगळे म्हणाले.

“ती परत देवची की ठेवची, ता तूच सांग रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

पाकळ्या काचेवर चिकटून राहिल्या. माणसं जमत गेली. कुणी म्हणालं, पंख्याचा वारा नको, तर पंखा बंद केला. डाव्या पाकळीची कड थोडी सुटली, तशी कुंदा पुढे वाकली. पण ती तेवढ्यावरच थांबली. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरून गेलं. पाकळ्या सुकल्या आणि काचेला आणखीच धरून बसल्या. रत्नप्रभा डोळे मिटून मनात नाव घेत होती. देवा, उजवी नको तर डावी पाड, पण काहीतरी बोल.

देव बोलला नाही.

“कौल होत नाही,” भाऊराव शेवटी म्हणाले. “पुढच्या गुरुवारी पुन्हा लावू.”

“पेटी उद्या बंद होणार, भाऊराव.”

“वहिनी, देवाला घाई करता येते का?”

घरी आली तर गॅलरीतल्या फळीवर वीट वाळत होती. दशरथने चहाच्या पाण्याने तिचे कोपरे काळपट केले होते, एक कड मुद्दाम टवका उडालेली ठेवली होती. कोर होती, अक्षरं होती, कोपऱ्यात पाऊल होतं. तिने जवळ जाऊन पाहिलं आणि तिला काही फरक कळला नाही, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

रुक्मिणीबाईंनीही पाहिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, आणि उचलताच त्यांचे हात वर गेले, इतकी ती हलकी होती. त्यांनी ती लगेच खाली ठेवली.

“ह्यो कोण?” त्या पावलाकडे बघत म्हणाल्या.

“कोणी नाही आये,” दशरथ म्हणाला. “ते मी केलंय.”

त्याने जेवणाचं ताट सरकवलं. रुक्मिणीबाईही जेवल्या नाहीत.

शनिवारी रत्नप्रभेने आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, फुलं निवडली. काडी ओढली आणि वातीकडे नेली. मागे दशरथ चादरीत ती हलकी वीट गुंडाळत होता. कापडाची सळसळ ऐकू येत होती. काडी बोटापर्यंत जळत आली. तिने ती विझवली, दिवा न लावताच उठली आणि पायात काही न घालता खाली गेली.

शेडचं दार लोटलेलं होतं. तसबिरीच्या काचेवर दोन्ही पाकळ्या तशाच, कागदासारख्या. तिने नमस्कार केला. कोपऱ्यात भीमराजची पहार होती. ती इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

पादुकांच्या चौथऱ्यावर तिने पहिला घाव घातला तेव्हा कोब्यावर नुसता पांढरा ठिपका उमटला. दुसऱ्याने पहार सटकली. तिसऱ्याने तडा गेला. मग तिने कडेकडेने घाव घालायला सुरुवात केली, जशी पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका लावतात, तशी.

आवाजाने माणसं आली. भीमराज दात घासता घासता आला. कुंदा गॅलरीतून ओरडली आणि खाली उतरली. भाऊराव बनियनवरच धावत आले.

“वहिनी, काय चाललंय हे? थांबा आधी.”

रत्नप्रभेने त्यांच्याकडे पाहिलं. पूजा झाली नव्हती. तिने पुन्हा पहार उचलली.

“अगं बोल तरी,” कुंदा म्हणाली. “अंगात आलंय का हिच्या?”

“मिस्त्री, काढून घे ती पहार,” भाऊराव म्हणाले.

भीमराज जागचा हलला नाही. “बाईमाणसाच्या हाताला मी हात लावणार नाय,” तो म्हणाला, आणि चूळ भरायला बाजूला गेला.

“काकी, तुम्ही तरी सांगा तुमच्या सुनेला.”

गर्दीतून रुक्मिणीबाई पुढे आल्या होत्या. त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलं, सुनेच्या तळहातांकडे पाहिलं. तिथं फोड येऊन फुटले होते.

“मी दिलंय,” त्या म्हणाल्या. “मीच घेतंय. पाप लागूचा तर माका लागांदे.” आणि गुडघे धरत धरत त्या खाली बसल्या, फुटलेल्या कोब्याचे तुकडे हाताने बाजूला करायला लागल्या.

 तुकड्यांखाली सिमेंटने माखलेला लाल रंग दिसला, त्यावर कालपरवाचं कुंकू. रत्नप्रभेने कडेला पहारीचं टोक घातलं आणि दाबलं. काहीतरी सुटल्याचा आवाज आला. दोघींनी हात घालून वीट वर घेतली, तेव्हा ती दोन होऊन आली.

एका तुकड्यावर कोर होती, अर्धी सिमेंटने भरलेली. दुसरा लहान, नुसता कोपरा, त्यावर पाऊल.

रत्नप्रभा बघत राहिली. तिला ओरडायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नेम जड झाला.

रुक्मिणीबाईंनी कोपऱ्याचा तुकडा पदराने पुसला. “ह्यो हंयच रवांदे,” त्या हळूच म्हणाल्या. “कोर त्येंची, ती न्या. ह्यो दत्ताचो. मोडलो तर मोडलो.”

“ठेवा वहिनी,” भाऊरावही म्हणाले. “तेवढा तरी ठेवा.”

तिने मान हलवली नाही. फक्त हात पुढे केला, फोड फुटलेला, आणि तो तसाच धरून ठेवला. रुक्मिणीबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग पावलावर कपाळ टेकलं आणि तुकडा सुनेच्या हातात दिला.

दशरथ जिन्यात भेटला, चादरीचं गाठोडं काखेत. तिच्या ओच्यातले तुकडे बघून तो पायरीवरच बसला.

“हे दाखवून काय सांगू, प्रभा? अख्खी आहे माझ्याकडे. अख्खी देतो ना.”

तिने त्याच्या काखेतलं गाठोडं सोडलं, प्लास्टरची वीट बाजूला ठेवली, तिच्या जागी दोन्ही तुकडे ठेवले आणि गाठ मारली. प्लास्टरची वीट वेगळ्या पिशवीत घातली. साचा मुलांसाठी घेतला होता, वीट मुलांना मिळायला हवी. मग पिशवी त्याच्या हातात दिली, गाठोडं स्वतः घेतलं. ती बसस्टॉपवर गेली तेव्हा तो मागोमाग आला. सगळ्या वाटेत ती बोलली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तिची पूजा राहिलीय, हे त्याला माहीत होतं.

क्षमाबाईंच्या खोलीत लाकडी पेटी उघडीच होती, पेंढा भरलेली. एक चौकोनी जागा रिकामी होती. बाईंनी गाठ सोडली. तुकडे त्यांनी टेबलावर ठेवले, एकमेकांना जुळवून पाहिले. मधे नखाएवढी फट राहत होती. तेवढी माती देवळातच पडली होती.

“कशी मोडली?” त्यांनी विचारलं.

दशरथ खाली बघत होता.  तो काय सांगेल, ते रत्नप्रभेला आधीच दिसलं: पडली म्हणेल, माझ्या हातून पडली म्हणेल, आणि मग घरी येईल आणि दार लावून घेईल.

घरी देव्हाऱ्यात दिवा लागलेला नव्हता. पोथी बांधलेली होती.

“मी मोडली,” रत्नप्रभा म्हणाली.  “पहारीने. देवळात बसवली होती, आमच्या घरातून चुकून गेली. ह्यांनी नाही दिली. काढताना माझ्या हातून मोडली.”

आणि मग तिने सगळं सांगितलं, पावलाचं, कौलाचंसुद्धा. क्षमाबाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या.

“घरी न्या, असं मी म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “मला ते लिहून कळवावं लागेल. माझंही पुढे काय होईल, माहीत नाही. दशरथ, तुम्हाला इथं ठेवता येणार नाही.”

“हो बाई,” दशरथ म्हणाला.

“पण वीट चोरीला गेली होती, असं मी लिहिणार नाही. मोडली, असं लिहीन. आणि परत आली, असं.”

त्यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कापडांत गुंडाळले आणि पेंढ्यातल्या त्या जागेत शेजारी शेजारी ठेवले. प्लास्टरची वीट दशरथने टेबलावर ठेवली. ती कुणी उचलली नाही.

बाहेर रस्त्यावर ऊन तापलं होतं. दशरथ कठड्याला धरून उभा राहिला, जणू खूप चालून आला असावा. नोकरी गेलेल्या माणसाचा चेहरा तिने याआधी एकदा पाहिला होता. हा तोच होता. ती त्याच्या जवळ, अगदी लागून उभी राहिली.

“आता?” त्याने विचारलं.

“आता घरी,” ती म्हणाली. “पूजा राहिलीय. आज तुम्ही दिवा लावा. माझे हात चालत नाहीत.”